सड्याच्या पोटातले पेव

एप्रिल-मे महिन्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलात, तर उघडा जांभा, वाळलेले गवत आणि कुठे कुठे वणव्याची राख एवढेच दिसते. ‘पडीक माळ’ असा शेरा सहज तोंडात येतो. पण तो खरा नाही. त्या वेळी सड्याची सगळी संपत्ती जमिनीखाली असते आणि तिला हात लावणे वनस्पतीला जसे महागात पडते, तसे कधी कधी माणसालाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील सड्यांवर माती जेमतेम काही बोटे जाडीची. चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. पाणी मातीतील क्षार धुऊन नेते. नत्र इतके कमी, की सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. बाकीच्या अनेकींनी दुसरा मार्ग धरला, तो साठवणीचा. कंदीलपुष्पे, दीपकाडी, जमिनीवर उगवणाऱ्या आमरी, कासच्या पठारावरील डबक्यांत फुलणारा वायतुरा या सगळ्या कंदावर जगतात.

जूनच्या पावसात कंदातला साठा मोडून कोंब वर येतो. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पाने ऊन खातात, फुले येतात. पाऊस ओसरला की पाने पिवळी पडतात. हे नुसते वाळणे नव्हे. पानांतील नत्र, स्फुरद, पालाश आणि साखर वनस्पती माघारी ओढून कंदात भरते. आमरीच्या कित्येक जातींत जुना कंद कोंबाला पोसता पोसता सुरकुततो आणि शेजारी पुढच्या वर्षाचा नवा तयार होतो. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत, तसाच हा प्रकार. आपल्या यकृतातील साखरेचा साठा उपाशीपोटी साधारण एक दिवस पुरतो. या कंदाला आठ महिने काढायचे असतात.

एवढा ऐवज जमिनीत असला की साळिंदर आणि रानडुक्कर उकरायला येणारच. म्हणून काही वनस्पती पेवाला राखणही ठेवतात. कारंदा कडू, शेवळ्याने घसा खाजतो. कळलावीची राखण सर्वांत कडक. बाळंतपणात कळा आणण्यासाठी वापरली जाई, म्हणून हे नाव पडले. सड्याच्या कडेच्या झुडपांत आणि बांधावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुले सर्वांच्या ओळखीची आहेत. तिच्या कंदात कोल्चिसिन असते. संधिवाताच्या गाऊट या प्रकारात आम्ही ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतो. कंद खाणाऱ्याला मात्र मोजमाप नसते, आणि उकळल्याने हे विष जात नाही.

कंद जेव्हा पूर्ण भरलेला असतो, तेव्हा पान आणि फूल, म्हणजे ओळखीची खूण, गेलेली असते. मातीतून काढलेला कळलावीचा कंद रताळ्यासारखा किंवा एखाद्या खाण्याच्या कंदासारखा वाटू शकतो. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग थोडे बरे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड आणि हृदय बिघडू शकते. वाचलेल्या रुग्णाचे केस दोन-एक आठवड्यांनी गळू लागतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही, त्यामुळे रुग्ण किती लवकर पोहोचतो याला फार महत्त्व.

डोंगरातल्या जाणत्या माणसांच्या रानभाजीला माझा विरोध नाही. वेल हिरवा असताना ओळखलेला, पिढ्यान्‌पिढ्या शिजवण्याची रीत ठाऊक असलेला कंद वेगळा. रस्त्याकडेला ‘ताकदीचे मूळ’ म्हणून विकला जाणारा, नाव-गाव नसलेला तुकडा वेगळा. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य आम्ही रुग्णालयात नेहमी ऐकतो. कळलावीही नैसर्गिकच आहे.

शिवाय अशक्तपणाचे कारण बहुधा रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईड किंवा क्षयरोग असते. ते साध्या तपासण्यांत कळते आणि सरकारी रुग्णालयात त्यांची सोय आहे. मुळाच्या नादात ते महिने वाया जातात. सड्यावरही एक कंद उपटला की त्या झाडाचे पुढचे सगळे पावसाळे संपले. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. शिवाजी विद्यापीठातील डॉ. श्रीरंग यादव यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या शोधण्यात, वाढवण्यात आयुष्य घातले आहे.

तेव्हा अनोळखी कंद खाऊ नका, घरी आणू नका. कुणी खाल्लाच, तर उलट्या थांबल्या तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि उरलेला तुकडा सोबत आणा. उपचार ठरवताना त्याची मोठी मदत होते. आणि मे महिन्यातल्या सड्याला पडीक म्हणण्याआधी जूनपर्यंत थांबा.