कायरोप्रॅक्टिक : कोणत्या दुखण्यावर, कितपत?

पाण्याने भरलेली बादली उचलायला वाकावे आणि कंबरेत अशी कळ यावी, की सरळ उभेही राहता येऊ नये. हा प्रसंग बहुतेक घरांत कुणावर ना कुणावर येतोच. उसण भरली म्हणतात ती हीच. मग घरगुती उपाय सुरू होतात. कुणी शेक देते, कुणी बाम चोळते, कुणी बिब्बा घालायला सांगते आणि वर कातडीला फोड येतात ते वेगळेच. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशा पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतला की उसण जाते, ही समजूत तर गावोगावी आहे. गंमत म्हणजे या सगळ्याच उपायांनी गुण येतो! कारण साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. श्रेय मात्र शेवटी जो उपाय केला त्याला मिळते.

मोठ्या शहरांत आता या उपायांच्या रांगेत कायरोप्रॅक्टिकची भर पडली आहे. मोबाईलवर त्याच्या चित्रफिती घरोघर पाहिल्या जातात. रुग्ण पालथा झोपलेला असतो, उपचार करणारा पाठीवर हात ठेवून एक झटका देतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि रुग्ण हसत उठून बसतो. जाहिरातींत आजारांची लांबलचक यादीही असते. कंबरदुखी, मानदुखी, डोकेदुखी अशी ती सुरू होते आणि पुष्कळदा दमा, अपचन, मुलांचे कान फुटणे, बाळाचे रात्रभर रडणे इथपर्यंत जाते. यादीची सुरुवात बरीचशी खरी आहे, शेवट खरा नाही. ज्यांच्या घरात दम्याचे मूल आहे, त्यांच्यासाठी हा फरक जिवाशी संबंधित आहे.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ हाताने केलेले काम. अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. १८९५ मध्ये त्यांनी हार्वे लिलार्ड या जवळजवळ बहिऱ्या झालेल्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबून बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत. यावरून त्यांनी सिद्धान्तच मांडला, की मणका जागेवरून हलतो, नसेवर दाब येतो आणि बहुतेक सगळे रोग त्यातून होतात. वास्तविक ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून नाही. म्हणजे पायाच डळमळीत. तरी दोन वर्षांत पामरांची शाळा निघाली आणि पुढे हा व्यवसाय अमेरिकाभर पसरला.

डॉक्टर मंडळी अर्थातच संतापली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदू उपचारांविरुद्ध एक समितीच नेमली. काही कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये असोसिएशनला कोर्टात खेचले. डॉक्टरांनी टाकलेला बहिष्कार बेकायदा आहे, असा निकाल १९८७ मध्ये लागला. हा निकाल स्पर्धेच्या कायद्याचा होता. कायरोप्रॅक्टिकने रोग बरे होतात असे कोर्टाने म्हटले नव्हते, पण असे निकाल जाहिरातीत कसे वापरले जातात, हे सांगायला नको.

आता त्या ‘कट्’ आवाजाविषयी. तो ऐकून हाड जागेवर बसले असे वाटते. प्रत्यक्षात सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. बोटे मोडताना येतो तोच. मणका हलल्यामुळे रोग होतात, याला वैद्यकीय पुरावा नाही, असे ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये जाहीर केले. तेव्हा ‘तुमचे तीन मणके सरकलेत’ असे कुणी पाठीवर नुसता हात फिरवून सांगितले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ या आपल्याकडच्या लाडक्या वाक्यासारखेच ते आहे.

कंबरेला खरोखर उपयोग

सिद्धान्त चुकीचा निघाला म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाही. नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीवर गोळ्यांआधी शेक, मालीश, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्यांची हस्तचिकित्सा करून पाहावी, असा सल्ला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ मध्ये दिला. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अनेक प्रयोग एकत्र तपासून लिहिलेला लेख आला. निष्कर्ष असा, की पहिल्या सहा आठवड्यांत वेदना आणि हालचाल यांत सुधारणा होते, पण ती माफक असते.

माफक हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओट्याजवळ तासन्‌तास उभे राहून किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसून ज्यांची कंबर धरते, त्यांना झटक्यानंतर मोकळे वाटते. वाकता येते, चालता येते आणि हालचाल सुरू झाली की पाठ सुधारतेही. पण चित्रफितीत दिसतो तसा चमत्कार सहसा घडत नाही. मालीश, व्यायाम किंवा फिजिओथेरपी यांच्या तुलनेत कायरोप्रॅक्टिक फार पुढे आहे असेही आढळलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. व्यायाम, रुग्णाला नीट माहिती देणे, मालीश यांच्याबरोबर मणक्यांच्या हस्तचिकित्सेलाही तिने जागा दिली आहे. त्याच मार्गदर्शिकेत कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नयेत असेही म्हटले आहे. आपल्याकडे कंबर दुखली की आधी पट्टा विकत आणतात, हे ध्यानात घेतले तर सल्ला मोलाचा आहे. पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहण्याचा जुना सल्लाही डॉक्टर आता देत नाहीत. झेपेल तेवढे चालत-फिरत राहावे.

मानदुखीवर आणि मानेच्या ताणातून येणाऱ्या डोकेदुखीवरही काहींना आराम पडतो. अर्धशिशीचा पुरावा कमजोर आहे. मणक्यातली गादी सरकून पायात कळ जात असेल, तर झटक्याने गादी आत ढकलली जाते ही कल्पना सोडून द्यावी. असे दुखणे बरेचदा काळानेच कमी होते, पण हात लावू देण्याआधी डॉक्टरांची तपासणी हवी.

दमा आणि बाळाचे रडणे

यादीच्या दुसऱ्या टोकाचीही तपासणी झालेली आहे. कॅनडात दम्याच्या मुलांचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांचे नेहमीचे औषध चालूच होते. एका गटाला खरा कायरोप्रॅक्टिक उपचार दिला, दुसऱ्याला तसे नुसते नाटक केले. १९९८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतल्या मुलांना बरे वाटले, आणि सारखेच वाटले. झटक्याचा वेगळा फायदा काहीच नव्हता. बरे वाटले म्हणून एखाद्या आईने मुलाचा इनहेलर बंद केला, तर पुढचा जोराचा झटका कोणत्या वेळी येईल ते सांगता येत नाही.

तान्ह्या बाळाच्या रडण्याचेही तेच. नॉर्वेत असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. काही बाळांच्या पाठीवर उपचार केला, काहींना नर्सने नुसते मांडीवर घेतले. कोणत्या बाळाला काय मिळाले, हे आईवडिलांना कळू दिले नव्हते. दोन्हीकडची बहुतेक बाळे सुधारली. असे रडणे साधारण चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप कमी होते, हे कोणतीही अनुभवी आजी सांगेल. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळावरील उपचाराची चित्रफीत पाहून लोक इतके भडकले, की २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यांना हात लावायला तात्पुरती बंदी घातली.

मूळ पंजाबी घराण्यातले ब्रिटिश विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये नेमके याच दाव्यांवर बोट ठेवले होते. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. सिंग यांनी माघार घेतली नाही. दोन वर्षे खटला चालला आणि एप्रिल २०१० मध्ये असोसिएशननेच तो मागे घेतला.

आधी डॉक्टरकडे

काही पाठदुखी अशी असते, की तिथे झटका देणे हा गुन्हाच ठरावा. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळची कणकण, घटणारे वजन ही त्याची चिन्हे. आतून पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला तर तो खचू शकतो आणि पायांतले बळ जाऊ शकते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. सासूबाईंना कौतुकाने घेऊन जाण्याआधी याचा विचार करावा. वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, पूर्वी कर्करोग झालेले, पडून मार लागलेले, यांनीही आधी डॉक्टरांना दाखवावे. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली किंवा पाय लुळे वाटू लागले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे. इथे काही तासांचा उशीरही महागात पडतो.

मानेच्या झटक्याची जोखीम वेगळी आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या काही धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात. क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाते आणि पक्षाघात होतो. असे फार कमी वेळा घडते. शिवाय धमनीला आधीच चीर गेल्यामुळे मान दुखत असते आणि म्हणूनच रुग्ण उपचाराला येतो, असेही असू शकते, त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवणे अवघड जाते. पण झटक्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे असे काही झाले, तर वाट पाहत बसू नये. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून देतात, तिथे तर प्रशिक्षणाचा प्रश्नच नसतो. घरातल्या पुरुषांनी खुर्चीत बसतानाच नको म्हणून सांगावे.

कुणाकडे जावे, हा प्रश्न भारतात अवघडच आहे. फिजिओथेरपिस्टांसाठी २०२१ चा कायदा झाला, पण कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वेगळी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेनुसार पूर्ण शिक्षण किमान ४,२०० तासांचे असायला हवे. तेव्हा कुठे शिकलात आणि किती वर्षे, हे विचारायला संकोच करू नका. चांगला उपचारक आधी तुमच्या औषधांची आणि जुन्या आजारांची चौकशी करतो, घरी करायचे व्यायाम शिकवतो आणि चार-सहा आठवड्यांत फरक नसेल तर स्वतःच डॉक्टरकडे पाठवतो. उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे. पहिल्याच भेटीत वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, तर मात्र सरळ नाही म्हणावे. साध्या उसणीला तेवढे दिवस लागत नाहीत.