पुरावा न ठेवणाऱ्यांकडे मागितलेला पुरावा

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण बहुधा १७ सप्टेंबर १९४८ या तारखेपाशी संपवतो. निजामाने शरणागती पत्करली, तुरुंगांचे दरवाजे उघडले, पडदा पडला. परंतु या लढ्याचे एक प्रकरण त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिले. ते कचेऱ्यांत आणि न्यायालयांत लढले गेले. अर्जदार म्हणत होता, ‘मी लढलो’. शासन विचारत होते, ‘कशावरून?’ आजचा धागा स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाच्या फेटाळलेल्या अर्जांविषयी आहे. माझे मत आरंभीच मांडतो: अर्ज तपासण्याची कसोटीच अशी होती की तिच्यावर खऱ्यापेक्षा खोटा माणूस अधिक सहज उतरावा.

हिंगोलीपासून सुरुवात करू, कारण या गावाने दोन्ही प्रकारचे लढवय्ये पाहिले आहेत.

एकोणिसाव्या शतकात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्चाचा बोजा निजामाच्या खजिन्यावर. तो खर्च थकत गेला, कर्ज वाढले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. म्हणजे शिपायांच्या पगाराच्या थकबाकीपायी पैनगंगेच्या काठाने एक सीमारेषा उभी राहिली. अलीकडे निजामाचा कारभार, पलीकडे इंग्रजांचा. पुढे १९४७-४८ मध्ये कळमनुरीकडचा तरुण पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेला की निजामाच्या पोलिसांच्या आवाक्याबाहेर जात असे, तो याच जुन्या सीमेमुळे. इतिहासाचे असे हिशेब फार लांबून फिटतात.

कंटिंजंटच्या शिपायाचे नाव पलटणीच्या हजेरीपटावर होते. सीमेवरच्या शिबिरातील तरुणाचे नाव कुठेच नव्हते, आणि नसावे हीच त्याची शिस्त होती. कोणी कोणाला निरोप दिला, कोणत्या घरी भाकरी खाल्ली, हत्यार कोणत्या कडब्याच्या गंजीत ठेवले, यांपैकी एकही गोष्ट कागदावर आली असती तर रझाकारांची धाड त्या घरावर पडली असती. पुरावा मागे न ठेवणे हे भूमिगताचे कौशल्य. चाळीस वर्षांनी त्याच्याकडे नेमका तोच मागितला गेला.

आता योजनेकडे वळू. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. तेव्हा उत्पन्नाची मर्यादा होती. १ ऑगस्ट १९८० पासून ती काढून टाकण्यात आली आणि ही मदत नसून सन्मान आहे, अशी भूमिका घेऊन योजनेला ‘सन्मान’ हे नाव मिळाले. पात्रतेच्या वाटा अनेक होत्या: किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास (स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने), सहा महिन्यांहून अधिक भूमिगत जीवन, हद्दपारी किंवा स्थानबद्धता, मालमत्तेची जप्ती, फटक्यांची शिक्षा. गोळीबारात किंवा लाठीमारात कायमचे अपंगत्व आलेल्यांसाठीही एक वाट होती.

हैदराबादचा लढा मात्र या चौकटीत नीट बसत नव्हता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतात विलीनीकरणाचा दिवस पाळला आणि शेवटचे पर्व सुरू झाले. ते १७ सप्टेंबर १९४८ ला संपले. एकूण तेरा महिने आणि काही दिवस. आता गणित करून पाहा. मार्च १९४८ च्या मध्यानंतर जो पकडला गेला, त्याचे सहा महिने भरण्याआधीच त्याला कैद करणारे राज्य नाहीसे झाले. लढा लवकर जिंकला हा त्याचा दोष ठरला! सहा महिन्यांची अट ब्रिटिश हिंदुस्थानातील दीर्घ शिक्षा डोळ्यांसमोर ठेवून घातलेली दिसते. एखाद्या संस्थानातील धामधुमीच्या वर्षाला ती कशी लागू पडावी?

शिवाय मान्यतेचा घोळ. सीमेवरील शिबिरांतील कार्यकर्त्यांचा विचार केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सुरू केला. शिबिरांच्या याद्या झाल्या. पुढे आणखी ९८ शिबिरे त्यांत जोडली गेली. दरम्यान ज्याचे शिबिर यादीत नव्हते, त्याचे त्या शिबिरातले दिवसही शासनाच्या लेखी नव्हते.

कागद शोधायचे ठरवले तरी ते कुठे शोधणार? निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि तारखा फसली सनाच्या असत. फसली १३५७ म्हणजे साधारण ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. वॉरंटवर बहमन महिना लिहिलेला, अर्जदाराच्या आठवणीत मार्गशीर्ष, आणि अर्जाच्या नमुन्यात रकाना इंग्रजी तारखेचा. यात एका महिन्याची गफलत झाली की ‘जबाबात विसंगती’ असा शेरा मारायला कितीसा वेळ लागतो? त्यातच १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: तेलंगणा आंध्राकडे, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबई राज्याकडे. पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे हिंगोलीचा एखादा माणूस निजामाच्या कैदेत राहिला असेल तर त्याचा कागद हैदराबादेत, वऱ्हाडातल्या शिबिरात राहिला असेल तर तिथली नोंद नागपूरच्या दप्तरात, आणि अर्ज मात्र परभणीला.

कागद नसेल तर काय, याचेही उत्तर नियमांत होते. शासनाने आधी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे प्रमाणपत्र द्यायचे. मग तुरुंगवासासाठी सहबंदींची आणि भूमिगत जीवनासाठी नामवंत स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरायची. कागद नाही, हे सिद्ध करण्यासाठीही एक कागद! आणि तो विहित नमुन्यात नाही म्हणून पुन्हा अर्ज नामंजूर. राज्याच्या योजनेत जिल्हा गौरव समिती शिफारस करी आणि वर उच्चाधिकार समिती छाननी करी. ४ जुलै १९९५ च्या शासननिर्णयाने भूमिगतांसाठीच्या पुराव्याच्या अटी अधिक काटेकोर केल्या. प्रमाणपत्र देणारा स्वतः मोठी शिक्षा भोगलेला हवा होता. अशी माणसे दरवर्षी कमी होत होती. साक्षीदार मरत चालले होते आणि साक्षीची अट कडक होत चालली होती.

अपंगत्वाच्या वाटेवर तर आणखी काटे. १९४८ साली पायात गोळी लागली, गावच्या वैदूने किंवा कंपाउंडरने जखम बांधली, सरकारी दवाखान्यात जाणे म्हणजे आपणहून अटक करून घेणे. अशा माणसाने चाळीस वर्षांनी सिद्ध करायचे की आपला लंगडा पाय गोळीमुळे आहे, बैलगाडीवरून पडल्यामुळे नव्हे. येथे भारतीय सैन्यातील जवानाशी तुलना उद्बोधक ठरते. जवानाचे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले तर त्याला विभागांतर्गत अपिलाची सोय आहे, आणि २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत बसते. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या नियमांचा अर्थ असा लावला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो आजार सेवेमुळेच उद्भवला असे मानावे, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार सैन्याने उचलावा. शंकेचा फायदा जवानाला.

मुक्तिसंग्रामाच्या सैनिकाला असे अपिलाचे न्यायाधिकरण कधीच मिळाले नाही. योजना प्रशासकीय, निर्णय समितीचा. तो पटला नाही तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. हिंगोलीकरांसाठी औरंगाबाद खंडपीठ. तिथे अनेकदा एवढेच होई की प्रकरण फेरविचारासाठी समितीकडे परत जाई. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे फेरे किती परवडणार?

तरीही न्यायालयांनी काही महत्त्वाच्या गोष्टी ठरवल्या. १९९३ चे मुकुंदलाल भंडारी प्रकरण आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे, कारण त्यातील अर्जदार १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या हैदराबाद सत्याग्रहातले होते. अर्जांची मूळ मुदत ३१ मार्च १९८२ रोजी संपल्याचा मुद्दा त्यांच्या आड आला होता. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितले की सन्मानाच्या योजनेत मुदतीचा अडसर आणू नये, अर्ज केव्हाही आला तरी अर्जाच्या तारखेपासून लाभ द्यावा. २००१ मध्ये गुरदयाल सिंग प्रकरणात पुराव्याची पातळी स्पष्ट झाली. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा मागू नये, घडले असण्याची शक्यता अधिक दिसत असेल तर ते पुरेसे मानावे. पुढे २००४ मध्ये त्याच न्यायालयाने योजनेत सांगितलेलाच पुरावा हवा, असेही म्हटले. म्हणजे प्रवाह दोन्ही दिशांनी वाहत होता.

आणि मग बीड. तिथल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्या. ए. बी. पालकर यांच्या आयोगाने प्रकरणे तपासली आणि त्यांतील बहुसंख्य बनावट ठरवली. मराठवाड्यासाठी ही लाजिरवाणी गोष्ट होती, त्याबद्दल दुमत नाही. त्यानंतर ‘पाहा, म्हणूनच कडक कागदपत्रे हवीत’ हा युक्तिवाद सर्वमान्य झाला.

मला तो उलटा वाटतो. बनावट माणसे यादीत शिरली ती कागदाशिवाय नव्हे, कागद घेऊनच. प्रमाणपत्र होते, शपथपत्र होते, शिफारस होती. नमुना क्रमांक अमुक हवा म्हटले की खोटा अर्जदार तो नमुना बिनचूक भरून आणतो, कारण त्याचा सगळा उद्योग तोच असतो. खऱ्याजवळ नदीचा उतार असतो, रात्र असते, मेलेल्या सोबत्याचे नाव असते. नमुन्यात या गोष्टींना रकाना नाही.

तुम्ही इतिहासाचे अभ्यासक आहात. एकच साधन हाती असेल तर तुम्ही काय करता? शिक्का आहे की नाही एवढे पाहून थांबत नाही. मजकुराचा स्थळाशी, काळाशी, इतर साधनांशी मेळ लावता. तसेच इथेही करता आले असते. एकाच गावातून वेगवेगळ्या वर्षी आलेले अर्ज शेजारी ठेवायचे. शिबिराचा प्रमुख कोण, पैनगंगा कुठून ओलांडली, पावसाळ्यात उतार कुठे मिळतो, हे विचारायचे. स्मृती तारखेत चुकते, वाटेत सहसा चुकत नाही. दोघांची कथा शब्दाला शब्द जुळली तर संशय घ्यायचा. गुरदयाल सिंग निकालातील ‘शक्यता अधिक’ ही कसोटी याच पद्धतीच्या जवळची आहे. तिच्यासाठी समितीत एखादा इतिहासाचा प्राध्यापक आणि उर्दू-मोडी वाचणारा माणूस बसवायला हवा होता.

चळवळीला हिशेब ठेवता येत नव्हता, असेही कोणी समजू नये. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी नेले गेले आणि त्या पैशांचा हिशेब पुढे चोख देण्यात आला. पैशाची नोंद ठेवली, माणसांची लपवली. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले होते.

या सगळ्यात सर्वाधिक कोण गळले असेल, तर स्त्रिया. तुरुंगवासाची अट त्यांच्यासाठी तीन महिन्यांची केली खरी, पण रात्री अपरात्री आलेल्या दहा जणांना भाकरी थापून घालणारी, लुगड्याच्या ओच्यातून चिठ्ठी नेणारी बाई मुळात तुरुंगात गेलीच नाही. तिच्यासाठी योजनेत वाटच नव्हती, त्यामुळे तिचा अर्जही नाही आणि नकारही नाही. वसमतच्या महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. त्या परिसरात चुलीपाशी लढलेल्या बायकांची साधी यादीही कोणी केलेली नाही.

म्हणून माझा आग्रह आता एकाच गोष्टीचा आहे. अर्जदार बहुतेक गेले. त्यांचे फेटाळलेले अर्ज मात्र कचेऱ्यांच्या अभिलेखकक्षांत असू शकतात, आणि अशा प्रत्येक प्रकरणात एका माणसाने शपथेवर सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. काही कहाण्या खोट्या असतील. असू द्यात, खोटे बखरींतही असते, त्यासाठी आपण बखरी जाळत नाही. शासकीय दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि ‘अ’ वर्गाखेरीजचे कागद मुदत संपली की नष्ट करता येतात. ही प्रकरणे, मंजूर आणि नामंजूर दोन्ही, ‘अ’ वर्गात घालून पुराभिलेखागाराकडे सोपवावीत. नामंजुरीचा शेराही जपावा, कारण पन्नास वर्षांनंतरच्या राज्याने आपल्या सैनिकाला काय विचारले, याचे ते अस्सल साधन आहे.

तुमच्यापैकी कोणाला आपल्या गावातील प्रकरणे पाहायची असतील, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. हिंगोलीकरांनी एक तारीख लक्षात ठेवावी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधीचे हिंगोली, कळमनुरी आणि वसमतचे अर्ज परभणी जिल्ह्यात दाखल झालेले आहेत, तेव्हा शोध दोन्ही कचेऱ्यांत घ्यावा लागेल.