खाडीपाशी थांबलेला रस्ता
हरिहरेश्वरहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची, तर सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तीन मोठ्या नद्यांच्या खाड्या आडव्या येतात. बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची, इंजिन बंद करायचं आणि कठड्याला टेकून वारा खायचा. पुढे आरे-वारेच्या वळणावर समुद्र एकदम पायाखाली येतो. परतताना साखरप्याहून आंबा घाट चढू लागलं, की दमट हवा मागे पडते. सागरी महामार्गासाठी आता या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते हवेतच, आजारी माणसाला घेऊन बोटीची वाट बघत बसणं गावकऱ्यांनी किती वर्षं सोसायचं? पण सहलीला निघालेल्यांना कसली आलीय घाई? त्यांनी पूल होण्याआधी एकदा बोटीने जाऊन यावं.