थरथरत्या हातांसाठीं थरथरते हातमोजे

सोलापूरकडील एका वाचकांनीं आम्हांस विस्तृत पत्र लिहिलें आहे. त्यांच्या वडिलांस सात वर्षांपासून कंपवात आहे. धाकटे बंधु विद्युत्-अभियांत्रिकी शिकलेले. त्यांनीं सर्वांसाठीं खुल्या ठेवलेल्या आकृत्या पाहून घरींच हातमोज्यांची एक जोडी तयार केली. मोज्यांच्या बोटांच्या टोकांशीं इवलीं यंत्रें बसविलीं आहेत व तीं ठराविक वेळापत्रकानें थरथरतात. वडील हे मोजे सकाळ-सायंकाळ दोन दोन तास घालून बसतात. तीन आठवड्यांत हात पुष्कळ निवळला, सही ओळखूं येऊं लागली, असें घरांतील सर्वांचें मत आहे. आणि आतां वडील म्हणतात कीं गोळ्या बंद कराव्या. ह्यावर पत्रलेखकांनीं आमचें मत विचारलें आहे. गोळ्यांविषयींचें उत्तर एका शब्दाचें आहे व तें आधींच देतों : नको. मोज्यांच्या विषयास मात्र एका शब्दानें न्याय मिळणार नाहीं.

रोग जुनाच. आपल्या वैद्यकग्रंथांत 'वेपथु' ह्या नांवानें कंपाचें वर्णन आहे. रणांगणावर अर्जुनानें आपल्या देहाविषयीं हाच शब्द उच्चारला. पण त्याचा वेपथु विषादाचा, म्हणून उपदेशानें गेला. हा तसा जात नाहीं. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं ह्या रोगावर एक छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत अवघे सहा रोगी आहेत, व त्यांतील कांहीं तर त्यांनीं केवळ रस्त्यांत जातां-येतां पाहिलेले होते! पुढें पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील प्रख्यात वैद्य शार्को यांनीं रोगास पार्किन्सनचें नांव दिलें.

थरथरीवर थरथरीचा उतारा ही कल्पनाहि शार्को यांचीच. घोडागाडींतून किंवा आगगाडींतून लांबचा प्रवास करून आलेले रोगी म्हणत कीं, वाटेंत बरें वाटलें. त्यावरून त्यांनीं एक थरथरणारी खुर्ची करविली व १८९२ सालीं तिजविषयीं व्याख्यान दिलें. वर्षभरांत शार्को निवर्तले आणि खुर्ची विस्मृतींत गेली. १२० वर्षांनंतर, २०१२ सालीं, शिकागो येथील संशोधकांनीं तिची पुन्हां परीक्षा केली. रोग्यांचे दोन गट पाडले. एकास थरथरती खुर्ची, दुसऱ्यास थरथर नसलेली. दोन्ही गट सुधारले, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

ही गोष्ट पत्रलेखकांनीं जपून ठेवावी. कंपवातांत मेंदूंतील डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. २००१ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें असें दिसून आलें कीं, औषधाच्या ऐवजीं नुसतें मिठाचें पाणी टोचलें तरी रोग्याच्या मेंदूंत हेंच डोपामिन अधिक स्रवतें. म्हणजे आशा ही ह्या रोगांत केवळ मनाची समजूत नव्हे. ती थोडा वेळ प्रत्यक्ष औषधाचें काम करिते. मुलानें रात्री जागून केलेले मोजे वडिलांनीं हातांत घातले, भोंवतीं सारें घर बसलें आहे, अशा वेळीं आशा किती असेल हें आम्ही सांगावयास नको. म्हणूनच 'हात निवळला' एवढ्यावरून 'मोज्यांनीं निवळला' असें म्हणतां येत नाहीं.

तथापि हे मोजे म्हणजे शार्को यांची खुर्ची नव्हे. आमचा जन्म वर्गांत गेला, म्हणून वर्गाचेंच उदाहरण सुचतें. सगळा वर्ग एका सुरांत पाढे म्हणूं लागला म्हणजे ऐकावयास गोड लागतें, पण त्या वेळीं एकाहि मुलाच्या हातून गणित सुटत नाहीं. कंपवाताच्या मेंदूंत कांहीं ठिकाणच्या पेशी अशाच एका सुरांत घोकूं लागतात व आपापलें काम विसरतात. १९८७ सालीं फ्रान्सांतील ग्रेनोबल येथें बेनाबिद यांनीं मेंदूंत तार बसवून विजेच्या सतत स्पंदनांनीं कंप थांबविला. तो मास्तरांनीं 'चूप' म्हणून ओरडण्याचा प्रकार. वीज बंद केली कीं कंप पुन्हां हजर. पेटर टास हे वैद्य असून गणित व पदार्थविज्ञानहि शिकलेले. त्यांनीं वेगळा विचार केला : एकदम सर्वांवर ओरडूं नये, आज ह्या बाकास, क्षणांत त्या बाकास, क्रम कोणास न कळूं देतां, भलत्याच ठिकाणापासून पाढा विचारावा. सूर मोडतो, आणि हें नित्य चाललें तर वर्गाची सूर धरण्याची खोडच सुटते. प्रथम जर्मनींत त्यांनीं ही युक्ति मेंदूंतील तारांसाठीं योजिली. नंतर अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें, तार न घालतां, बोटांच्या टोकांवरून तोच निरोप मेंदूस पोंचवितां येईल असें ठरवून त्यांनीं मोजे केले.

आंगठा सोडून प्रत्येक हाताच्या चार बोटांस हीं यंत्रें लागतात. सेकंदाच्या सुमारें दोन-तृतीयांश भागांत चारी बोटांस एकेक ठोका, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाचा, आणि बोटांचा क्रम दर फेरीस बदललेला. अशा तीन फेऱ्या झाल्या कीं दोन फेऱ्यांइतकी विश्रांति. ठोक्यांतील कंपनें सेकंदास २५०. कारण बोटांच्या त्वचेखालील कंपन ओळखणारे सूक्ष्म अवयव ह्याच्या आसपास सर्वांत तल्लख असतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत रोग्यांस कित्येक महिने लाभ झाल्याचें, तो सांठत गेल्याचें, व गोळीचा अंमल उतरलेला असतांहि तो दिसल्याचें नमूद आहे. पण रोग्यांची संख्या खरोखरच बोटांवर मोजण्याजोगी होती, आणि तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. शिकागोच्या खुर्चीची गोष्ट सांगितली ती ह्यासाठींच.

मग घरीं मोजे करूं नयेत काय? आमच्या मतें खुशाल करावे. मात्र केलेले मोजे नीट पारखून घ्यावे. बाजारांत मिळणारीं साधीं चपटीं यंत्रें आंत एकांगी वजन फिरवून थरथरतात. त्यांस वेग घेण्यासच वेळ लागतो, म्हणून इतका आंखूड ठोका तीं स्वच्छ देत नाहींत. मागें-पुढें सरकणाऱ्या वजनाचीं यंत्रें ह्या कामास बरीं. यंत्र बोटाच्या पेराच्या मऊ बाजूस टेकलेलें हवें. मोजा सैल झाला तर थरथर कापडालाच होते. बंधूंनीं मोजे प्रथम स्वतःच्या हातांत घालून डोळे मिटावे व कोणतें बोट केव्हां थरथरलें तें मोठ्यानें सांगावें. सर्व बोटें एकदम थरथरत असतील तर पाढ्याचा सूर मोडण्याऐवजीं आपणच तो वाढवीत आहों असें समजावें. विजेचा घट हातापासून दूर, पिशवींत ठेवावा. तो भारला जात असतां मोजे घालूं नयेत, व मोजे घालून चालूं नये. छातींत हृदयाचें यंत्र किंवा मेंदूंत तार बसविलेली असेल तर डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच आरंभ करूं नये.

एक गोष्ट त्याहून आधींची. प्रत्येक कंप कंपवाताचा नसतो. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कांपतो व कांहीं उचलण्यास गेलें कीं थांबतो, हें बहुधा कंपवाताचें लक्षण. उलट संध्येस बसल्यावर आचमनाचें पाणी तळहातावरून तोंडाकडे नेतांना सांडतें, एरव्हीं हात स्थिर असतो, तो कंप पुष्कळदां निराळ्याच जातीचा. त्यासाठीं हे मोजे केलेले नाहींत. निदान मज्जारोगतज्ज्ञाकडूनच व्हावें.

गोळ्यांचें कारण आतां सांगतों. ह्या गोळ्यांतील लेव्होडोपा हें द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या बियांत असतें. १९३७ सालीं दामोदरन व रामस्वामी ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तें त्यांतून वेगळें काढलें होतें. (म्हणून गोळ्यांच्या जोडीला तें चूर्ण स्वतःच्या मनानें घेऊं नये, मात्रा वाढते.) हीं औषधें एकाएकीं बंद केलीं तर शरीर ताठरून भयंकर ताप चढण्याचा संभव असतो, व त्यांत रोगी दगावूं शकतो. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांनींच, आणि पायरीपायरीनें. उलट गोळीचा गुण येत नाहीं असें वाटलें तर आधीं जेवणाची वेळ पाहावी. डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी अंगीं कमी लागते.

राहतां राहिली परीक्षा. एक दिवस मोजे व एक दिवस नाहीं, ही परीक्षा व्यर्थ आहे. लाभ असेलच तर तो सांठणारा व मागें उरणारा, तेव्हां एका दिवसानें कांहीं कळणार नाहीं. त्याऐवजीं वडिलांनीं दर रविवारीं, गोळी घेतल्यावर ठराविक वेळानें, कोऱ्या कागदावर एकच वाक्य चार वेळां लिहावें व एक चक्र काढावें. ह्या रोगांत अक्षर ओळीच्या शेवटीं बारीक होत जातें, म्हणून चौथी ओळ महत्त्वाची. सदऱ्याच्या गुंड्या लावण्यास किती वेळ लागला तोहि टिपावा. दिनांक कागदाच्या पाठीमागें लिहावा. तीन महिन्यांनीं सर्व कागद पत्त्यांप्रमाणें पिसून, मोज्यांची वार्ता ज्यांस ठाऊक नाहीं अशा एखाद्या नातलगाकडे द्यावे, आणि चांगल्यापासून वाईटापर्यंत लावण्यास सांगावे. मोजे सुरू करण्यापूर्वींचे कागद घरांत असतीलच : जुनीं पत्रें, हिशेबाची वही, बँकेच्या पावत्या. तेहि दिनांक झांकून त्यांत मिसळावे. मग पाठी उलटून पाहाव्या, आणि तो गठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे जावें.