पादचारी मार्ग पेठेतून जावा की पेठेबाहेरून?

रस्ता ही व्यापाऱ्याची एक मोठी मालमत्ता होय. तथापि ती त्याच्या खतावणीत कोठेही दिसत नाही. दुकानाचे भाडे, हमाली, तोलाई, वाहतूक, व्याज या सर्वांची नोंद आपण रोजमेळात करितो. परंतु ज्या रस्त्याने गिऱ्हाईक आपल्या दारापर्यंत येते, त्या रस्त्याचे खाते आपल्यापैकी कोणीच उघडलेले नाही. त्यामुळे रस्त्यात काही फेरफार व्हावयाचा असे कानी आले की आपला पहिला उद्गार हिशेबाचा नसून भीतीचा असतो. पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग असावा, हा विषय आज शहरोशहरी निघत आहे. असा मार्ग आखण्यापूर्वी नागरिकांचे व विशेषतः व्यापाऱ्यांचे मत घ्यावे, असेही सर्वत्र म्हटले जाते. हे मत आपण कोणते द्यावे आणि कशा रीतीने द्यावे, याविषयी चार विचार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याची परवानगी घेतो.

आपल्या बेळगावास हा विषय परका नाही. केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना २०१५ साली सुरू झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव होते. नागरिकांचा सहभाग ही त्या निवडीची एक कसोटी होती. योजनेची मुदत मार्च २०२५ अखेर संपली. परंतु रस्ता केवळ मोटारींसाठी नसून माणसांसाठी आहे, हा विचार संपलेला नाही. किंबहुना मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पादचाऱ्यास निर्वेध पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे आज ना उद्या पदपथाची रेघ आपल्या पेठेच्या नकाशावर ओढली जाणारच. ती ओढताना आपण तेथे असावयाचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

मत घेण्याची रूढ पद्धत सर्वांस ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक सूचना येते. सभा भर बाजाराच्या वेळी ठेविलेली असते. भिंतीवर नकाशा टांगलेला असतो. त्यातील रंगीत रेघांचा अर्थ सांगणारा कोणी नसतो. आपण जात नाही. गेलोच तर हजेरीपत्रकावर सही करून परत येतो. पुढे खोदकाम सुरू झाले म्हणजे निवेदन, शिष्टमंडळ आणि शेवटी बाजार बंद, हा क्रम ठरलेला! माझ्या माहितीतील एका गावी असेच घडले. तेथील धान्यबाजारात रुंद व देखणा पदपथ बांधण्यात आला. मात्र मालाचा ट्रक उभा राहण्यास जागा सोडण्याचे कोणास सुचले नाही, कारण सांगणारा धान्यव्यापारी सभेस नव्हता. ट्रक पदपथावर चढू लागले, दोन पावसाळ्यांत फरश्या फुटल्या आणि पादचारी पुन्हा रस्त्याच्या मध्यभागी आले. दोष आखणाऱ्यांचा खराच. परंतु न बोलणाऱ्यांचाही तितकाच.

आता मूळ प्रश्न. आपल्यापैकी पुष्कळांचे मत असे की, मार्ग हवा असेल तर तो पेठेबाहेरून, रुंद रस्त्यांच्या कडेने न्यावा. पेठेत त्याचे काय काम? हे मत ऐकण्यास व्यवहारी वाटते. पेठेतील गल्ल्या अरुंद, त्यात हातगाड्या, टेम्पो, दुचाकी. तेथे आणखी एक पट्टा कोठून काढावयाचा? तथापि माझे स्पष्ट मत याच्या उलट आहे. मार्ग पेठेतूनच जावा, आणि ती मागणी आपल्या संघाने स्वतः होऊन करावी.

याचे पहिले कारण व्यापाराचेच आहे. रविवार पेठेतील घाऊक धंद्याकडे नीट पाहा. खानापूर, हुक्केरी, चंदगड या भागांतील लहान दुकानदार आपले गिऱ्हाईक. त्यांच्यापैकी अनेकजण बसने उतरतात आणि पायी पेठेत येतात. चार पेढ्यांवर भाव विचारतात, नमुना तळहातावर घेऊन पाहतात, सौदा करतात आणि माल मागाहून टेम्पोने जातो. म्हणजे माणूस एका मार्गाने येतो आणि माल दुसऱ्या मार्गाने जातो; दोघांची वेळही एक नसते. आपण मात्र दोघांना एकाच वेळी एकाच गल्लीत कोंबतो आणि मग गर्दी झाली म्हणून कुरकुरतो. ज्या गिऱ्हाइकास चार दुकाने निश्चिंतपणे हिंडता येत नाहीत, ते एका दुकानातून माल घेऊन निघून जाते, आणि पुढच्या खेपेस गावाबाहेरच्या गोदामाकडे वळते. तेथे ट्रकास जागा असते, गाडी लावण्यास जागा असते. नसते ती केवळ आपली पेठ.

गिऱ्हाईक कसे येते याविषयी व्यापाऱ्याचा अंदाज चुकतो, हे इतरत्रही दिसून आले आहे. कॅनडातील टोरांटो शहरी ब्लूर स्ट्रीट नावाच्या बाजाररस्त्याची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रमाण तेथील दुकानदार प्रत्यक्षाहून अधिक धरीत होते. मोजणी केली तेव्हा ते अवघे दहा टक्के निघाले, आणि पायी व सायकलने येणारी मंडळी अधिक वेळा येऊन महिन्याकाठी अधिक खर्च करतात असे आढळले. टोरांटो म्हणजे बेळगाव नव्हे, आणि किरकोळ दुकान म्हणजे घाऊक पेढी नव्हे, हे मी जाणतो. म्हणूनच परक्याच्या आकड्यांवर न विसंबता आपले आकडे आपण काढावेत. प्रत्येक पेढीवरील मुनिमाने एक आठवडा, येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा की मोटार, एवढी एक खूण करावी. शंभर पेढ्यांची अशी टिपणे घेऊन आपण सभेस गेलो, तर आपले म्हणणे कोण टाळू शकेल?

दुसरे कारण माणुसकीचे आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत सुमारे १,६८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,००० हून अधिक पायी चालणारी होती. यात शाळेस निघालेली मुले असतील, बाजारास निघालेल्या माताभगिनी असतील, पाठीवर पोते घेतलेले हमालही असतील. आपल्या समाजास तर याची जाणीव अधिक असावयास हवी. आपले साधुसाध्वी चातुर्मास वगळता वर्षभर पायी विहार करितात. चार हात जमीन न्याहाळून, जीवजंतूस इजा न होईल असे पाऊल टाकणे, ही त्यांची ईर्यासमिती. परंतु पाठीमागून भरधाव येणाऱ्या वाहनाकडे पाहावयाचे की पायाखालच्या मुंगीकडे, असा पेच ज्या रस्त्यावर पडतो, तो रस्ता अहिंसेचे नाव घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी निमूटपणे चालवून घ्यावा काय? त्यांच्या विहारकाळी स्वयंसेवक पुढे-मागे धावतात, हे उत्तम. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पोती वाहणाऱ्या हमालापुढे कोणता स्वयंसेवक धावतो?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मालाच्या चढउताराचा, आणि तो खरा आहे. दहा टनांचा ट्रक म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती, म्हणजे दोनशे खेपा. ट्रक शंभर पावले दूर थांबविला तर एका ट्रकामागे हमालांच्या पाठीवरील वाट वीस हजार पावलांनी वाढली! ही वाढ कागदावर रेघ ओढणाऱ्यास दिसत नाही. ती दाखविणे आपले काम. याचा उपाय मार्ग नाकारणे हा नसून वेळ वाटून घेणे हा आहे. दिल्लीच्या चांदणी चौकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ साली नव्या स्वरूपात खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांस तेथे मज्जाव आणि मालाची ने-आण त्या वेळेबाहेर, असा नियम झाला. अंमलबजावणी ढिली पडते अशा तक्रारी तेथेही आहेत; पण एवढ्या जुन्या व दाट बाजारात वेळेची वाटणी करता येते, हे त्यावरून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की, असे मार्ग बांधले जातात आणि वाया जातात. हाही खोटा नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात, २००६ नंतर जलद बसमार्गांलगत सायकलमार्ग बांधण्यात आले. ते तुटक राहिले, मध्येच संपले, मोटारींनी व टपऱ्यांनी व्यापले. सायकलस्वार त्यांवरून गेलाच नाही. परंतु यावरून काय शिकावयाचे? जेथे जागा मोकळी मिळते तेथे मार्ग आखला आणि जेथे माणसास जावयाचे आहे तेथे तो पोहोचला नाही, तर त्याची हीच गत होणार. पेठेबाहेरच्या रुंद रस्त्यावर आखलेला मार्ग पहाटे फिरावयास जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. बसस्थानकापासून पेठेपर्यंत आणि पेठेपासून शाळेपर्यंत जो जोडला जाईल, तो दिवसभर चालेल.

तेव्हा सभेस जाताना संघाने पुढील गोष्टी आग्रहाने मांडाव्यात, असे मला वाटते. पहिली, सूचना कन्नड व मराठी दोन्ही भाषांत निघावी आणि सभा दुकाने बंद झाल्यावर पेठेतच भरावी. दुसरी, सिमेंट ओतण्यापूर्वी चुन्याची रेघ ओढून तीन महिने प्रयोग करावा. कोपनहेगन येथील स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ साली व्यापाऱ्यांचा विरोध असता प्रयोग म्हणूनच पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला आणि अनुभव पाहून १९६४ साली तो कायम झाला. आज तो त्या शहराचा मुख्य बाजार आहे. तिसरी, चढउताराच्या वेळा व जागा नकाशातच लिहिलेल्या असाव्यात, तोंडी आश्वासन नको. चौथी, फेरीवाल्यांस हुसकून न लावता २०१४ च्या कायद्यानुसार त्यांची जागा ठरवावी. त्यांचे स्थान ठरले नाही तर पदपथावर त्यांचाच बाजार भरेल आणि दोष मात्र कोणाचाच राहणार नाही. पाचवी, सभेत जे ठरले त्याचे टिपण सर्वांस मिळावे. कोणाची कोणती सूचना का स्वीकारली वा का नाकारली, हे त्यात नमूद असावे. सौद्याची चिठ्ठी हाती आल्याशिवाय आपण माल सोडीत नाही, मग रस्ता का सोडावा?

याबरोबर एक अट आपण स्वतःवरही घालून घ्यावी. दुकानाच्या पायरीपुढे मांडलेली पोती, वजनकाटा आणि आपलीच दुचाकी प्रथम आत घ्यावी. पदपथावरील पहिले अतिक्रमण बहुधा पेढीवाल्याचेच असते. ते राहू देऊन इतरांवर बोट दाखविले तर सभेत आपल्या शब्दास वजन राहणार नाही.

संघाच्या कार्यकारिणीस माझी नम्र सूचना आहे की, पाच सभासदांची एक समिती नेमून तिने वर उल्लेखिलेली गिऱ्हाइकांची मोजणी येत्या दिवाळीपूर्वी पुरी करावी, आणि समितीच्या बैठकीस हमालांचा एक प्रतिनिधी व सभासद कुटुंबांतील दोन भगिनी यांनाही बोलवावे. पेढीच्या गादीवर बसून रस्ता जसा दिसतो तसा तो पोते घेऊन चालणाऱ्यास दिसत नाही, आणि लेकराचा हात धरून ओलांडणाऱ्या मातेस तर नाहीच नाही. त्यांचे म्हणणे आधी आपल्या घरी ऐकून मग आपण शहरापुढे बोलावे. सभासद बंधुभगिनी या विनंतीचा साकल्याने विचार करतील अशी आशा बाळगून लेखणी आवरतो.