धरणाच्या काठावर वाढणारी जमीन

पावसाळा स्थिरावला की गोव्यात साळावली किती भरले, अंजुणे किती भरले, याची टक्केवारी बातम्यांत येऊ लागते. धरण ओसंडले की वर्षभराच्या पाण्याची चिंता मिटली, असे आपण मानतो. मात्र ही टक्केवारी केवळ पातळी सांगते. पाण्याच्या काठावर काय वाढते आहे, याविषयी ती मूक असते. तेथे परक्या पाणवनस्पतींनी एकदा जम बसवला की उथळ पाण्याची दलदल होते आणि दलदलीचे पुन्हा पाणी करणे फार महाग पडते.

गोव्याला हा विषय अपरिचित नाही. साळ नदीतील जलपर्णी आणि करमळीच्या तळ्यातील साल्विनिया आपण पाहिली आहे. शेजारच्या महाराष्ट्रात पुण्याकडील सांडपाणी घेऊन येणाऱ्या भीमेवरील उजनी जलाशयात जलपर्णीचे थर साचतात. या दोन्ही वनस्पती मूळच्या दक्षिण अमेरिकेतील. त्यांच्यावर जगणारे कीटक तिकडेच राहिले आणि वनस्पती तेवढ्या जगभर पोहोचल्या.

धरणाचा काठ त्यांना विशेष मानवतो. जलपर्णीचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काठाचा चिखल उघडा पडतो, बी रुजते आणि पाणी चढताच रोपे तरंगू लागतात. साल्विनियाला बीजाची गरजच नाही. तिच्या प्रत्येक तुटलेल्या तुकड्याचे नवे रोप होते आणि अनुकूल स्थितीत आठवडाभरातच तिचा विस्तार दुप्पट होऊ शकतो. वारा हे थर आडोशाच्या खाड्यांसारख्या भागांत लोटतो. तेथे ते एकमेकांवर चढतात, कुजतात, आणि त्या कुजलेल्या गादीवर लव्हाळे व गवत रुजते. खाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे तग धरत नाहीत, होडी अडते. नकाशावर जेथे पाणी असते, तेथे प्रत्यक्षात हिरवा चिखल उरतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आफ्रिकेत घडले. झांबेझी नदीवरील करिबा धरणात 1958 च्या अखेरीस पाणी अडवण्यास प्रारंभ झाला. दुसऱ्याच वर्षी साल्विनिया दिसली आणि 1962 पर्यंत तिने सुमारे एक हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जलाशयाचा एक पंचमांशाहून अधिक भाग व्यापला. तिच्या गाद्यांवर लव्हाळे वाढून तरंगती बेटे तयार झाली. पुढे बुडालेल्या अरण्यातून पाण्यात उतरलेली पोषणद्रव्ये कमी होत गेली, तसा हा विस्तारही ओसरला. वनस्पती किती वाढणार, हे बव्हंशी पाण्यातील पोषणावर ठरते, हा करिबाचा धडा आहे. सांडपाणी आणि खतांचा निचरा चालू ठेवून केवळ वनस्पती उपसत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून जमीन पुसणे होय.

आपल्याकडे मात्र उपाय म्हटला की यंत्र आणि कंत्राट एवढेच आठवते. यंत्राने साल्विनियाचे तुकडे होतात आणि राहिलेला प्रत्येक तुकडा नव्याने वाढतो. उपसलेला ढीग काठावरच टाकला, तर पहिल्याच मोठ्या पावसात त्यातील बराच भाग पाण्यात परततो. पुढील वर्षी पुन्हा निविदा निघते.

जैविक नियंत्रणाचा मार्ग अधिक टिकाऊ ठरला आहे; मात्र त्यालाही अचूक ज्ञान लागते. आरंभी साल्विनियाची ओळखच चुकली होती. तिला दुसरीच प्रजाती समजून निवडलेले कीटक निष्प्रभ ठरले. वेगळी प्रजाती म्हणून तिची ओळख 1972 मध्ये पटली आणि तिचे मूळ स्थान आग्नेय ब्राझीलमध्ये 1978 मध्ये सापडले. तेथून आणलेला इवलासा सोंडकिडा 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात सोडण्यात आला आणि साधारण वर्षभरात जलाशय मोकळा झाला. केरळमध्येही या किड्याने मोठे यश दिले. अलीकडे मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यातल्या सारणी येथील सातपुडा जलाशयातही, जबलपूरच्या तणसंशोधन संचालनालयाच्या मार्गदर्शनाखाली, 2022 पासून याच किड्याचा वापर करण्यात आला. जलपर्णीसाठी वेगळे कीटक आहेत. परंतु सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात तिची वाढ त्यांना अनेकदा आवरत नाही. येथेही प्रश्न पुन्हा पोषणाशी येऊन थांबतो.

काठावरची प्रत्येक हिरवळ मात्र शत्रू नव्हे. करमळीच्या तळ्यातील देवभात, कमळे, पाणकणीस यांवर पक्षी आणि मासे जगतात. कुडचडेचे नंदा तळे 2022 मध्ये गोव्यातील पहिले रामसार स्थळ ठरले, ते अशाच देशी पाणथळ जीवसृष्टीमुळे. सरसकट उपसण्याने परके तण तात्पुरते जाईल, पण मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्यांदा तेच परतेल.

म्हणूनच गोव्याच्या धरणांसाठी वर्षातून दोनदा, पाणी उतरल्यावर मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये, काठाची पाहणी बंधनकारक व्हावी. परके रोप मूठभर असतानाच ते हाताने काढून पाण्यापासून दूर नष्ट करावे. एका तळ्यातून दुसरीकडे नेण्यापूर्वी जाळी व होड्या स्वच्छ करण्याची शिस्त मासेमारांच्या सहभागाने रुजवावी. धरणाच्या वरच्या अंगाने येणारे सांडपाणी रोखण्याचा खर्च हा पाणीपुरवठ्याचाच खर्च मानावा. पिण्यासाठी मोजक्याच जलाशयांवर विसंबणाऱ्या या लहान राज्यात साठ्याच्या टक्केवारीबरोबर काठाची स्थितीही जाहीर झाली पाहिजे. दलदल एका रात्रीत होत नाही. ती होत असताना कोणी पाहत नाही, एवढेच.