वाऱ्याचा हिशेब उघड हवा

वरळी-लोअर परळचे टॉवर २५० ते ३०० मीटरपर्यंत पोहोचले आहेत. एवढ्या उंचीवर वारा इमारतीला नुसता समोरून ढकलत नाही. तो दोन्ही कडांवरून आळीपाळीने सुटतो, मागे भोवरे धरतो आणि इमारत वाऱ्याला आडवी डोलू लागते. म्हणून बांधकामाआधी विंड टनेलमध्ये चाचणी होते. शेकडो पटींनी लहान प्रतिकृती फिरत्या तबकडीवर ठेवतात, तिच्या अंगावरच्या शेकडो बारीक छिद्रांना नळ्या जोडतात, शेजारच्या इमारतींचे ठोकळे मांडतात आणि तबकडी थोडी थोडी फिरवत प्रत्येक दिशेचा दाब मोजतात.

चाचणी आवश्यकच आहे, पण तो अंदाज असतो. एकदा डोललेली इमारत किती लवकर स्थिरावेल, हे ठरवणारे अवमंदन अभियंत्यांना आराखड्यात सहसा एक-दोन टक्के असे गृहीतच धरावे लागते. खरा आकडा उभी इमारतच सांगते. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी शिकागोच्या उंच इमारतींवर त्वरणमापक आणि जीपीएस बसवून आराखड्यातले अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. ५०८ मीटर उंचीच्या तैपेई १०१ मधला डोलणे आवरणारा ६६० टनांचा गोळा ऑगस्ट २०१५च्या सौदेलोर वादळात सुमारे एक मीटर हलला, हे साऱ्या जगाला कळले. त्याने इमारतीची अब्रू गेली नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढला.

मुंबईत तर मोजमापाची निकड अधिक आहे. गिरण्यांच्या बैठ्या शेडच्या जागी टॉवर उठत आहेत. चाचणीच्या वेळी ज्या बाजूला मोकळे आकाश होते, तिथे पाच वर्षांनी नवा टॉवर उभा राहतो आणि जुन्या इमारतीवरचा वारा बदलतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले. त्या दिवशी आपला टॉवर किती डोलला, हे जाणून घेण्याचा हक्क त्यात राहणाऱ्याला असलाच पाहिजे.

कोट्यवधींच्या इमारतीत चार-सहा त्वरणमापक आणि एक वायुवेगमापक बसवण्याचा खर्च नगण्य आहे. महापालिकेने १५० मीटरवरील प्रत्येक इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना ही उपकरणे सक्तीची करावीत आणि त्यांच्या नोंदी रहिवाशांना व अभियंत्यांना खुल्या ठेवाव्यात.